धरणाऱ्याने धरू नये

नाही हो, सीट कुठे पडलेली नाही, वाकून वाकून शोधू नका. या गाडीला सीट नसतेच. — हो, बसायचंच नाही. फूटरेस्टवर उभं राहायचं आणि उभ्याउभ्याच चालवायची, खडकांवरून, ओढ्यातून, आडव्या पडलेल्या ओंडक्यांवरून — म्हणजे जिथून धड माणूस पायीसुद्धा जाणार नाही तिथून. आणि वेगाचं म्हणाल तर तुमची आजी काठी टेकत टेकत पुढे निघून जाईल. शर्यत नाही ही, ट्रायल्स म्हणतात हिला. पाय एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, थांबलात नाहीतर आडवे झालात की पाच, आणि ज्याचे गुण सगळ्यात कमी तो पहिला. शून्य म्हणजे सगळ्यात भारी. शाळेत गणितात मला शून्य मिळायचं तेव्हा कुणी पाठ थोपटली नाही, इथे थोपटली. पण हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच, गाडी घ्यायला आलात म्हणजे. — नाही? बरं, व्हिडिओ बघितलेत. छान. पोहायलाही असेच शिकलात का?

हात लावा, लावा, चावत नाही. हे काय — नवीन काय काय बसवता येईल? अजून गाडी घेतली नाही, चालू करता येत नाही आणि नवीन काय बसवायचं ते आधी. तुमचा दोष नाही, या गाडीची हवाच तशी आहे. माझ्याकडे एक दातांचे डॉक्टर येतात. आले की पहिलं वाक्य — गाडी जड वाटते. टायटॅनियमचा सायलेन्सर बसवला, साडेतीनशे ग्रॅम वाचले. मग कार्बनचं मडगार्ड, मग पोकळ बोल्ट, तेही निळे. एक दिवस मी म्हटलं, डॉक्टर, गाडीचं सगळं काढून झालं, आता तुमचं बघू या का, पोटापासून सुरुवात करू. रागावले. दोन महिने आले नाहीत, आणि आले ते सोनेरी क्लच लिव्हर घेऊन. ओंडक्यावर मात्र अजून चढलेले नाहीत. दिसते सुंदर हो गाडी, दातांसारखी.

आणि ही — ही बघा. हिच्यात एक बोल्ट शोभेचा नाही. एअर फिल्टर दर पंधरा दिवसांनी काढून धुवायचा, सुकवायचा, तेलात भिजवून पिळून बसवायचा — नुसता झटकून परत लावणारे लोक असतात, त्यांच्या इंजिनात वाळू सापडते आणि मग ते कंपनीला शिव्या देतात. मागच्या टायरला बोट लावा. दबतो की नाही? पंक्चर नाही, हवाच तेवढी ठेवायची, मऊ असला की दगडाला धरून बसतो. मागच्या सस्पेन्शनचे सांधे दर दोन महिन्यांनी उघडून ग्रीस. दर रविवारी सकाळी दहा मिनिटं चालू करायची, नाहीतर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकतं आणि जेटचं बारीक भोक चोंदतं. गेल्या वर्षी क्लचच्या प्लेट बदलल्या, त्याआधी रुंद फूटरेस्ट घातले — त्याचे पाय मोठे आहेत, अकरा नंबर, जुन्या फूटरेस्टवरून टाच घसरायची त्याची. हँडलखाली हे दोन तुकडे घालून ते वर आणि पुढे घेतलं — तुम्हाला लांब पडतंय ना? मलाही पडतं. तो ताडमाड आहे. वाकून चालवायचा आणि मग कंबर धरून बसायचा.

कोण म्हणजे? ज्याच्याशी फोनवर बोललात तो. मालक. कागदावर मालक. बरं, काय काय म्हणाला? — गाडी चालू स्थितीत आहे. हो आहेच, का नसणार. आणखी? — सहा वर्षं चालवलेली नाही. ते खरं. आणखी? आवाज कसा होता — नाही, सहज विचारलं. घसा बसलेला वगैरे? त्याला लहानपणापासून घशाचं आहे, हवा बदलली की बसतो. — बघू जाहिरात. धरा जरा तो फोन लांब, माझा चष्मा आत आहे. तुम्हीच वाचा. हं. हं. "गाडी मेकॅनिककडे ठेवली आहे, तिथे बघता येईल." मेकॅनिककडे.

वा. नाही, बरोबर आहे, हातात पाना आहे म्हणजे मेकॅनिकच. बायकोला वाचून दाखवतो, चार दिवस हसेल. आईला नाही दाखवायचं. अहो, तुम्ही असे काय बघता, भाऊ आहे माझा. सख्खा, धाकटा. बारा वर्षांनी लहान. त्याला सायकल मी शिकवली, पोहायला मी शिकवलं, व्हिडिओ दाखवून नाही, पाण्यात ढकलून. माझे गुडघे गेले तेव्हा मी गाडी सोडली आणि त्याला हिच्यावर उभं केलं. मी धाकट्याला तयार केला म्हणून सगळीकडे मिरवायचो. आणि आता मी मेकॅनिक.

भांडण कसलं, भांडण होतं तर बरं झालं असतं. वाटणी नाही, जमीनजुमला नाही, बायकांमध्येही काही नाही — त्या दोघी अजून फोनवर तासतास बोलतात, आणि आम्ही दोघे सहा वर्षं एकमेकांच्या वाढदिवसाला जात नाही. कशावरून, तर मी गाडीला हात लावला. हसा. सगळे हसतात. पण समजून घ्या, आमच्या या खेळात एक पद्धत आहे. अवघड खडक असला की वर एक माणूस उभा राहतो, चालवणाऱ्याचा आपला माणूस — धरणारा म्हणतात त्याला. गाडी उलटून अंगावर यायला लागली तर त्याने हँडल धरायचं आणि माणूस वाचवायचा. पण गाडी पडत नसताना त्याचा हात लागला, नुसता लागला, की पंच पाचाचा आकडा लिहितो, खेळ खलास. म्हणजे नाव धरणारा आणि काम काय, तर न धरणं. नुसतं उभं राहायचं, हात छातीशी घ्यायचे आणि जीव मुठीत धरून बघायचं. बरेच जण वेंधळेपणा करतात. एकाने तर स्वतःच्या मुलाला शेवटच्या ओंडक्यावर कौतुकाने थोपटलं, पाच गुण.

तर सहा वर्षांपूर्वीच्या स्पर्धेची ती शेवटची फेरी होती. चौदा टप्पे झाले होते आणि धाकट्याचे गुण शून्य. चौदाच्या चौदा टप्प्यांत शून्य, हे काय चीज आहे तुम्हाला कळणार नाही. पंधरावा टप्पा म्हणजे काळा खडक, दोन माणसांइतका उंच, वरती ओल. मी वर उभा. तो आला, उडी घेतली, पुढचं चाक वर टेकलं, मागचं खाली फिरतंय — आणि गाडी मागे यायला लागली. मी हँडल धरलं. बस. एवढंच. पंचाने पाच लिहिले, पहिला नंबर गेला. तो हेल्मेट न काढता उभा राहिला आणि म्हणाला, दादा, गाडी चढत होती. मी म्हटलं, पडत होती. तो म्हणाला, चढत होती. आणि गाडी इथेच टाकून गेला. तीच ही.

माझी बायको म्हणते, जाऊन माफी मागा. कसली माफी? भावाचा जीव वाचवला त्याची? मानच मोडली असती त्याची, मग कुणी जाहिरात दिली असती? तेव्हापासून गाडी इथे आहे, आणि मी हिचं सगळं करतोय ते काही त्याच्यासाठी नाही — गाडीला काय माहीत कोण कुणाशी बोलत नाही. फूटरेस्ट? ते — जुने झिजले होते. हँडलचं असंच, वेळ होता म्हणून केलं. दोनदा त्याच्या बायकोकडून निरोप पाठवला, क्लच आता लोण्यासारखा झालाय म्हणावं, येऊन एकदा दाबून तरी जा. आला नाही. जाहिरात दिली. बघा, म्हणजे तिने निरोप पोचवला असणार, "चालू स्थितीत" हे त्याला कुठून कळलं नाहीतर.

काय विचारलंत? — धरणाऱ्याला कसं कळतं गाडी पडतेय की चढतेय. अरे वा, पहिला शहाणा प्रश्न. डोळ्यांनी नाही कळत, डोळे फसतात, सगळं क्षणात होतं. कानाने कळतं. थांबा, चालू करतो, ऐका. हा आवाज ऐका. आता बघा, चाक ओल्या दगडावर नुसतं फिरत असेल ना, पकड नसेल, तर इंजिनावर भार नसतो, मग आवाज असा वर जातो — ऐकलंत? किंचाळल्यासारखा. म्हणजे घसरतेय, पडणार, धर. आणि टायरने दगड पकडला, गाडीचं वजन त्याच्यावर आलं की इंजिन दबतं. आवाज एकदम जाड होतो, खाली येतो, घोगरा. तो ऐकला की हात मागे घ्यायचा, कारण ती आता चढणार, देव आला तरी चढणार. तीस वर्षं हेच ऐकतोय, झोपेत उठवून विचारा. आंधळ्यालासुद्धा कळेल एवढा फरक आहे. त्या दिवशीसुद्धा आधी किंचाळली, आणि मग एकदम खाली —

बंद करतो. धूर फार होतोय.

काही नाही. कुठे काय. — हो, म्हटलं मी. खाली आला आवाज. ऐकलंत तुम्ही, आता काय पुसून टाकता येतंय. आधी ऐकला आणि मग धरलं. चुकून नाही, घाबरून नाही, ऐकून धरलं. त्या खडकावर अकरा वर्षं शून्य एकट्या माझं होतं. बाकी कुणाचंही नाही. क्लबच्या खोलीत पाटी लावली आहे, नव्या पोरांना माझं नाव वाचून दाखवतात. गुडघे गेले, पोट आलं, गाडी गेली, तेवढी एक पाटी राहिली होती हो. आणि हा वर येत होता, ज्याला मी हँडल कसं धरायचं ते शिकवलं तो, आणि इतका सहज येत होता की — मी मोठा भाऊ ना, मला आनंद व्हायला पाहिजे होता. हात गेला. झालं. सहा वर्षं बायकोला सांगतोय जीव वाचवला. आईलाही तेच सांगितलंय. आई त्यालाच बोलते, दादाने वाचवलं आणि तू तोंड फिरवलंस. आणि तो आईला एका शब्दाने उलटून बोलत नाही.

तुम्ही कुठले कोण, सीट शोधत आलात, आणि तुम्हाला सांगून बसलो. हे बाहेर बोललात तर मी नाही म्हणेन. — काय करताय? अहो, फोन कशाला लावताय? — गाडी बघून झाली की कळवा म्हणाला होता? मग बाहेर जाऊन लावा ना, इथे कशाला. वाजतोय? नका, ठेवा, नंतर करा. — उचलला?

द्या इकडे. द्या म्हणतो ना.

हॅलो. मी आहे. ठेवू नकोस. ठेवू नकोस, एकच वाक्य आहे. गाडी चढत होती. — ऐकलंस? तू म्हणालास तेच बरोबर होतं. आवाज खाली आला होता, मी ऐकला होता, आणि मी धरली. मला बघवलं नाही रे. — आईला मी सांगतो. आजच सांगतो. — आहेस ना लाइनवर? — ऐकतोयस ना? काहीतरी बोल. शिव्या दे.

हं. हो. देतो.

घ्या. गाडी घेणाऱ्याला फोन दे म्हणतो. — मी तिकडे तोंड करून उभा राहतो, बोला तुम्ही.

झालं? काय म्हणाला? — गाडी न्या. बरं. आणखी? माझ्याबद्दल — काहीच नाही? पुन्हा नीट आठवा, शेवटी काही. — नाही. बरं.

मग उभे का राहिलात, टेम्पोला फळी लावा. पुढचा ब्रेक दाबून धरा, उतारावर घरंगळते. हँडलखालचे तुकडे काढून घ्या कुणाकडून तरी, तुम्हाला ते उंच पडेल. फिल्टर पंधरा दिवसांनी. ते फडकं ठेवा खाली. नाही, माझ्याकडे आणू नका, मी या गाड्यांचं काम करत नाही. आजपासून नाही. निघा.