निघतानाचा शब्द

अमेरिकेतल्या एका जुन्या कॅम्पग्राउंडवर, झऱ्याकाठच्या पाटीपाशी मराठी कानावर पडली आणि अबोली थबकली. एक तरुण आपल्या आईला पाटी वाचून समजावत होता.

“इथल्या चेरोकी आदिवासींना आर्मीने घरांतून काढलं, आई. शेकडो मैल चालवत नेलं. वाटेत त्यांचा मुक्काम इथे होता.”

“म्हणजे हेच पाणी प्यायले ते?”

“हेच.”

“मग घरी परत कधी गेले?”

“परत जाऊच दिलं नाही त्यांना.”

“मग उंबरा ओलांडताना काय म्हणाले असतील रे?”

“म्हणजे?”

“आपण ‘येतो’ म्हणतो ना.”

तरुणाने पाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

“निघू या, आई?”

आईने झऱ्याला हात जोडले. ‘येते’ तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.