कॅल्शियम सकाळ-संध्याकाळ, किस्सा बंद

...नाही, मला एक सांगा, डॉक्टर लोक काय काय बंद करतात? मीठ बंद करतात, साखर बंद करतात, आमच्या हेडमास्तरांचं तर रात्रीचं जेवणच बंद केलं, पण किस्सा? चांगल्या चालत्या-बोलत्या माणसाचा किस्सा बंद केलेला ऐकलाय कधी? आणि तोंडी नाही हं, तुम्हाला सांगतो, लेखी! वर लेकीचं नाव, ओवी, वय साडेसात, खाली कॅल्शियमचं सिरप सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा, त्याखाली हात दुखला तर द्यायचं औषध, आणि त्याखाली त्याच किरट्या अक्षरात, 'किस्सा बंद'. मी आपला कागद न वाचताच मेडिकलवाल्या धम्मपालच्या हातात दिला, तर तो बिचारा फळ्या धुंडाळतोय, खोकी उघडतोय, शेवटी येऊन विचारतो, "सर, हे किस्सा बंद करायला सांगितलंय, आधी चालू होतं का?" मी कागद बघितला. म्हटलं, "होतं." "कोण देत होतं?" "मीच." "किती दिवस?" म्हटलं, "चार वर्षं." तो म्हणाला, "सर, असं मनानं नसतं द्यायचं मुलांना." काउंटरला चार माणसं उभी होती. मला काय, काही वाटलं नाही.

आता तुम्ही आरती झाल्या झाल्या मला धरलंत, म्हणालात, सर, बसा, तो पुराचा होऊन जाऊ दे. बसलो. पण आधी बघून घेतलं, ओवी नाही ना मंडपात? नाही, घरी आहे, आईजवळ. मग सांगतो, कारण बंदी फक्त तिच्यासमोर आहे, असं मी त्या कागदाचं वाचन केलंय. आणि बंदी घालणारी कोण, तर मैथिली, आमची मुलांची डॉक्टर, जिला मी नववी ब मध्ये गणित शिकवलंय, गृहपाठ केला नाही म्हणून एकदा बाकावर उभी केलीय! ती मला 'सर' म्हणते, उठून उभी राहते, आणि बसली की माझा किस्सा बंद करते.

आता महाडात पुराचा किस्सा कुणाकडे नाही, सांगा? एकवीस सालच्या जुलैनंतर आपल्याकडे 'कसे आहात' कुणी विचारतच नव्हतं, 'तुमच्याकडे किती?' एवढंच विचारायचे, की समोरचा हात वर करायचा, कमरेला, गळ्याला, दारावरच्या तोरणाला. पण किस्सा म्हणाल तर माझाच. लग्नात, बारशात, शिक्षकांच्या सहलीत, जेवणं झाली की हाक आलीच म्हणून समजा... सर, तो पुराचा!

किस्सा काय, साधाच. सकाळी चहाच्या वेळेला मोरीतून पाणी वर आलं. आमचं घर तळमजल्याला, पण पोटमाळा भक्कम. सुनीती, म्हणजे आमची ही, शिडीनं वर गेली, मी खालून सामान देतोय, ती घेतेय. पहिला टीव्ही. मग मिक्सर. मग दहावीच्या गुणांच्या फायली, म्हणजे बघा, ज्या वर्षी परीक्षाच झाली नाही आणि निकाल आठवड्यापूर्वी लागून मोकळा झाला, त्या वर्षीच्या फायली मी छातीशी धरून वाचवतोय! मग पेटी, माझी, वाजवायची. मग लग्नाचा अल्बम. पाणी मांडीला. आणि वरून ही ओरडते, "अहो, ओवी? ओवी कुठेय?" आणि मी अल्बम तिच्या हातात देत देत विचारतो... "अगं, तिला कुठं ठेवलीयस?"

इथे हशा. नेहमी इथेच येतो. लोक मांड्यांवर हात मारायचे, एकदा तर आमच्या साडूंना ठसका लागून पाणी पाजावं लागलं. साडेतीन वर्षांची पोरगी ओट्यावर, गॅसच्या शेगडीशेजारी, पिवळा रेनकोट घालून गप्प उभी. मग तिला उचलली आणि वर दिली. सहावी! पुढे पुढे ओवी स्वतःच सामील व्हायला लागली हो. मी बोटं दुमडत जायचो, टीव्ही, मिक्सर, फायली, पेटी, अल्बम, आणि ही कोपऱ्यातून धावत यायची, दोन्ही हात वर करून, "आणि मग मी!" काय टाळ्या पडायच्या. लोक म्हणायचे, पोरगी बापावर गेलीय.

आता यात वाईट काय, सांगा तुम्ही. रडत बसायला पाहिजे होतं का? त्याच दिवशी वर तळीयेत डोंगर खाली आला. तिथे घरंच्या घरं गेली, माणसं गेली. आमचं काय गेलं, गाद्या गेल्या, फ्रीज गेला, डाळ-तांदूळ गेले. मग आपण कुठल्या तोंडानं रडायचं? कुणी विचारलं तर म्हणायचं, आमचं काही नाही हो, आणि एखादा किस्सा सांगायचा. मी तसंच केलं. मला काय, काही वाटलं नाही.

तर यंदा जुलैत, सकाळपासून पाऊस, मी शाळेत, सुनीती खाली गल्लीत स्कूटर उंचावर लावायला गेलेली, दोन-चार मिनिटांचं काम, घरात ओवी आणि धाकटा अनिश, दीड वर्षाचा. आणि भोंगा वाजला. पाण्याचा. पाणी काही आलं नाही त्या दिवशी, पण भोंगा वाजला. माळ्याची शिडी आमच्याकडे एकवीसपासून कायम लावलेलीच असते, काढत नाही, म्हटलं कोण पुन्हा शोधत बसणार. सुनीती परत आली तर ओवी खाली फरशीवर, उजवा हात असा नको तिथून वाकलेला, शेजारी मिक्सरच्या भांड्याचे तुकडे. आणि अनिश कुठे? अनिश वर, माळ्यावर, टीव्हीच्या खोक्यामागे, भोवती चार उशा लावलेल्या, मजेत अंगठा चोखतोय! एवढंसं पोर, ते कडेवर घेऊन ही शिडी चढली होती. रडत नव्हती. सुनीतीनं उचललं तेव्हा म्हणाली, "आई, मी अनिशला आधी ठेवलं."

आधी. हा शब्द सुनीतीनं मला फोनवर तीनदा सांगितला. मी वर्गात होतो, फळ्यावर त्रैराशिक होतं, ते पूर्ण केलं आणि निघालो. दवाखान्यात पोचलो तर ओवी मला म्हणते, "सॉरी बाबा, मिक्सर वर नेताना फुटला."

हात बसवला, प्लास्टर घातलं, मग म्हटलं एकदा मैथिलीलाही दाखवू, ती ओवीला जन्मापासून बघतेय. तिच्याकडे कसं असतं, पुढचा पेशंट आतच स्टुलावर बसलेला असतो. स्टुलावर उमरठच्या ठमाबाई, मांडीवर नातू, नातवाच्या नाकात चिंचोका, आणि त्या नातवाचा आवाज, तुम्हाला सांगतो, पोलादपूरच्या स्टँडपर्यंत गेला असता. भिंतीवर पालकांसाठी तक्ता, 'औषधे, फिनेल, काडेपेटी मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.' मी म्हटलं, मैथिली, या बाबतीत आम्हाला शंभरपैकी शंभर, आमच्याकडे सगळंच उंचावर असतं. ती म्हणाली, "आणि शिडी, सर?" मी तक्ता पुन्हा वाचला. शिडीबद्दल काही नव्हतं.

मग तिनं ओवीला विचारलं, काय झालं गं, तू शिडीवर का चढलीस? आणि ओवीनं काय करावं, तिनं किस्साच सुरू केला. माझाच. माझ्याच आवाजात, माझ्याच जागा घेत, एका हाताची बोटं दुमडत, टीव्ही, मिक्सर, फायली, पेटी, अल्बम... "अगं, तिला कुठं ठेवलीयस?" आणि थांबली, हशासाठी. मी नेहमी जेवढं थांबतो तेवढंच. खोलीत कुणी हसलं नाही. प्लास्टरचा हात वर होईना म्हणून तिनं एकच हात वर केला. "आणि मग मी."

ठमाबाई म्हणाल्या, "कुठं ठेवली म्हंजे? पोर काय भांडं हाय?" मी म्हटलं, अहो आजी, गंमत आहे ती. त्या माझ्याकडे बघेचनात, ओवीला म्हणाल्या, "तवा रडली नायस गो तू?" ओवीनं मान हलवली. "आता हात मोडला तवा?" पुन्हा नाही. "ह्यो बघ माझा. नाकात चिंचोका काय गेला, आख्खा गाव गोळा केलान त्यानं. असं रडायचं गो, म्हंजी मानसं येतात."

मैथिलीनं पेन खाली ठेवलं. विचारलं, पाऊस असला की हिच्या पोटात दुखतं का? सुनीती म्हणाली, दुखतं. अंथरूण ओलं होतं? अधूनमधून. दप्तर कुठे ठेवते? कपाटावर, स्टूल घेऊन. मी म्हटलं, शिस्त आहे तिला. मैथिली म्हणाली, "सर, शिस्त नाही, भीती आहे. लहान मुलांना पूर तेवढा लक्षात राहत नाही, त्या वेळी आपल्याला कुणी धरलं होतं का, ते राहतं. आणि तुम्ही तिला ते चार वर्षं टाळ्या घेत घेत पाठ करून घेतलंय. जी मुलं अजिबात रडत नाहीत ना, त्यांची मला जास्त काळजी वाटते." मग मला म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्ही रडलात का कधी त्यानंतर?" म्हटलं, मी गणित शिकवतो. मला काय, काही वाटलं नाही. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी, सर," आणि कागदावर लिहिलं ते तुम्हाला सांगितलंच.

शिवाय गृहपाठ. मला! शिडी काढायची. भोंगा वाजला तर कोण कुणाला धरणार ते सगळ्यांनी बसून ठरवायचं, अनिशची जबाबदारी ओवीवर नाही हे तिला स्पष्ट सांगायचं, आणि तो दिवस तिला एकदा खरा सांगायचा. विनोद न करता. घाई न करता. चूक मोठ्यांची होती, असं म्हणून.

रविवारी दुपारी बसलो. शिडी सकाळीच शेजाऱ्यांकडे टाकली होती. म्हटलं, ओवी, त्या दिवशी काय झालं माहितीय, मोरीतून पाणी आलं... आणि तोंडातून आपोआप किस्साच यायला लागला हो, त्याच चालीत, टीव्ही, मिक्सर... थांबलो. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. इतकी वर्षं तेच वाजवल्यावर दुसरं काही वाजतच नाही. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून सांगितलं. की मी तुला बघितलं होतं. पेटी वर दिल्यावर वळलो तेव्हा तू ओट्यावर होतीस, दोन्ही हात पुढे केले होतेस, उचल म्हणून. आणि मी अल्बम उचलला. कारण तू भिजत नव्हतीस आणि अल्बम भिजत होता, एवढंच डोक्यात होतं, दुसरं काही नव्हतं. आणि ते 'कुठं ठेवलीयस', ते मी म्हणालोच नव्हतो कधी. ते मागाहून घातलं, लोक हसावेत म्हणून. आईनं हाक मारली तेव्हा माझ्या तोंडातून शब्दच फुटला नव्हता.

ओवी म्हणाली, "मला माहितीय." म्हटलं, काय माहितीय? "तू तसं नाही म्हणालास. अल्बम उचललास तेव्हा म्हणालास, थांब हां, आलोच." मी म्हटलं, हो. "मग मी थांबले," ती म्हणाली. "मी हललेच नाही, बाबा."

मला काय... जाऊ दे. सुनीती उठून आत गेली. मी ओवीला म्हटलं, चूक माझी होती. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, आता कुणाला आधी धरायचं त्याची यादी करूया, डॉक्टर मावशीनं सांगितलीय. आणि डाव्या हातानं लिहायला बसली, वाकडं वाकडं, जीभ बाहेर काढून, सांगितलेलं ऐकेचना, म्हणाली मीच करणार.

ती यादी आता फ्रीजवर लावलीय. एक, अनिश. दोन, ओवी. इथपर्यंत मला बरं वाटलं, तुम्हाला सांगतो, चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, म्हटलं पोरगी सहावरून दोनवर आली. तीन, आई. चार, पेटी. पाच, मिक्सर, कंसात नवा. सहा, बाबा.

मी दोनदा मोजलं. म्हटलं, ओवी, मी पेटीच्याही नंतर? ती म्हणाली, "पेटी भिजते ना. तू उंच आहेस." बरं, म्हटलं, पण मिक्सरच्याही नंतर? पाणी चढत असेल आणि मी एकटा खाली उभा असेन, तर मी काय करायचं गं? तिनं पेन्सिल खाली ठेवली, डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, आणि अगदी माझ्या आवाजात म्हणाली,

"थांब हां बाबा, आलेच."

तेव्हापासून थांबलोय.