उणे एकशे पाच मिनिटं

स्फाक्सच्या तळावरची, महदिया गावाला जाणारी लुआज गाडी आठवा उतारू मिळेपर्यंत हलणार नव्हती. मागच्या बाकावर दोन तरुण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते, आणि शेजारच्या मबरूका खालांचे कान तिकडेच लागले होते.

"लसअद, आज तिच्या बापाकडे, हाजींकडे, मागणी घालायला जाऊच नकोस."

"का रे, मुंधिर?"

"दर भेटीत हाजी तुझ्यापाशी किती मिनिटं बसले, ते तूच मांडलंस ना? चार, नऊ, पंधरा, अकरा, बावीस, तीस. त्यावर मी एक्सेलमध्ये पाचव्या घाताची वक्ररेषा बसवली. सहाही ठिपक्यांतून जाते पठ्ठी!"

"मग आजचं काय म्हणते?"

"उणे एकशे पाच."

"उणे? म्हणजे?"

"आपण चारला पोचणार. म्हणजे त्यांनी तुला सव्वादोनलाच हाकललेलं असणार."

"आत्ता किती वाजले?"

"सव्वादोन."

"या अल्लाह! आणि साधी सरळ रेघ?"

"ती बत्तीस म्हणते. पण एकाही ठिपक्यातून धड जात नाही."

"तुझी जाते ना! प्रत्येकाच्या दारात मुजरा करते आणि शेवटी मला खड्ड्यात घालते!"

"फोन वाजतोय तुझा."

"हाजींचाच आहे! तू घे."

"मी कशाला? लग्न तुझं!"

"हॅलो... सलाम, हाजी... नाही, अजून स्फाक्समध्येच... नाही, जेवलो नाही... बरं, बरं."

"काय म्हणाले?"

"माझ्यासाठी जेवायचे थांबलेत. तू आल्याशिवाय घास घेणार नाही म्हणाले."

खालांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ए ड्रायव्हर, आठवा राहू दे, गाडी काढ! इथे एकाचा सासरा उपाशी बसलाय!"