आयशाचा मेहर

(चंद्रपूर, १९९८. लग्नाच्या रीती टिपून घ्यायला इंग्लंडची एक बाई सईदाच्या घरी आली आहे. शेजारची रिंकू दुभाषी. सून आयशा आत, स्टोव्हपाशी, कडेवर तान्ही मुलगी.)

सईदा : …अन् हेबी सांग तिले, आमच्यात पोरीच्या बापाले नाई, पोरालेच द्यावं लागते. मेहर म्हणतात त्याले. तो पोरीचा. नवऱ्याचा हात नाई लागत.

रिंकू : चाची, अन् फैजभाऊची मोटारसायकल? ती त भाभीच्या अब्बानं दिली.

सईदा : ती हौसेनं दिली त्याइनं. ते नको सांगू. त्यांच्यात काय रीत आहे, विचार.

रिंकू : म्हणते, बाप पोरीले चर्चमधी आणते अन् नवऱ्याच्या हाती देते. तिच्या वेळेस पोरीले सगळ्याइसमोर म्हणावं लागे, नवऱ्याचं ऐकत जाईन. पोराले नाई.

सईदा : अन् हिनं म्हटलं?

रिंकू : म्हटलं. पुढं तो सोडून गेला. त्याचं आडनाव तेवढं राह्यलं, म्हणते.

सईदा : बिचारी. एवढी शिकलेली अन् मान खाली घालून हो म्हटलं. सांग, आमच्यात निकाहच्या आधी पोरीच्या बाजूचा वकील येते, गवाह येतात, पोरीले विचारतात, कबूल आहे का.

रिंकू : ती विचारते, तुम्ही तुमच्या मेहरचं काय केलं?

सईदा : मी… माफ केला, घेतलाच नाई. जुनी गोष्ट आहे. आता तसं नाई. आयशाचा मेहर सोन्याचा हार ठरला होता. आयशा, हार आण बेटा. मॅडमले दाखव.

आयशा : कोणता, अम्मी? माझ्यापाशी अब्बानं दिलेलाच आहे.

सईदा : तोच आण. तिले काय समजते?

आयशा : मेहरचा आहे म्हणून सांगू?

सईदा : त काय झालं?

आयशा : मेहर त मी पहिल्याच रात्री माफ केला.

सईदा : हळू बोल. फैजनं मागितली असंल माफी.

आयशा : त्यांनी तोंडबी नाई उघडलं. तुम्हीच दारापाशी गजरा नीट करून दिला अन् कानात म्हटलं, शरीफ घरच्या पोरी मेहर ठेवत नाईत.

रिंकू : चाची, मॅडम विचारते, भाभी काय बोलली?

सईदा : सांग, चहात साखर किती, विचारून राह्यली.

रिंकू : असं सांगू?

आयशा : रिंकू, साखर नाई लागत तिले. आल्याबरोबरच सांगितलं तिनं.

सईदा : तुले तिचं सगळं समजून राह्यलं?

आयशा : बी.ए.ले इंग्रजीच होतं, अम्मी. बी.एड. पण करायचं होतं. मेहरचा हार मोडून फी भरायची, असं मनात होतं.

सईदा : मले कधी बोलली नाई.

आयशा : तुम्ही गजरा नीट करत होत्या, अन् मले रडू येत होतं. तुम्हाले वाटलं, माहेर सुटलं म्हणून.

रिंकू : चाची, ती थांबली आहे. काय सांगू?

सईदा : तू नको सांगू. …आयशा, पोरगी माझ्यापाशी दे, अन् इथी खुर्चीवर बस. जे बोलली, ते तिले तूच सांग. चहा मी पाहते.