काकूच्या बांगड्या

खरं सांगू? मला वाटलं होतं, लंडनहून आणलेल्या कॉम्प्युटरला इतवारीतल्या आमच्या घरच्या बायका घाबरतील. झालं भलतंच! टीव्हीला जोडून मी हेरगिरीचा खेळ लावला. पहारेकऱ्यांना चुकवत किल्ल्याबाहेर पडायचं. मी सारखी पकडली जात होते.

"मले दे वं!" म्हणत काकूने आधी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या.

"त्या कशाला?"

"वाजतात ना वं! मामंजी ओसरीवर असले का असंच निसटा लागते बाहेर."

एकेक पहारेकरी चुकवत काकू थेट किल्ल्याबाहेर! मी ओरडलेच. तेवढ्यात ओसरीवर आजोबा खाकरले. काकूने झटकन टीव्ही बंद केला, पदर घेतला आणि ती कुजबुजली, "उद्या पन येऊ काय वं?"

मी शाळेतल्या मुलांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढणार होते. सकाळी ठरवलं, पहिला वर्ग बायकांचा. आणि तोही ओसरीवर, आजोबांच्या समोर!