उजेडाची बाल्कनी

रजिस्ट्री कचेरीच्या बाकावर बसलिंगप्पा पुस्तक उघडून बसले होते. शेजारी घराच्या सह्यांसाठी आलेल्या मायलेकी होत्या. आपण ऐकतो आहोत हे त्यांना कळू नये म्हणून ते उगाच मधूनमधून पान उलटत होते.

"आई, तोंड पाडू नको. पुण्यात एवढ्या पैशात पार्किंगसुद्धा आलं नसतं."

"घर लई चांगलं हाय. तू ऱ्हा की."

"आणि तू?"

"मी हाय तितंच बरी. तितल्या फरश्या आरशागत हायत. विड्या वळताना तंबाखू सांडंल."

"झाडून घेऊ."

"वास जिन्यात जाईल. लोकं नाकाला पदर लावतील, तुला खाली बघावं लागंल."

"मग सोड की विड्या. माझं ऑफिस आता सोलापुरातच आलंय. निवांत बसून खा."

"बसूनच खाल्लं की जन्मभर! हात रिकामं ठिवून मला बसता येतंय व्हय, संघे?"

"ठाऊक होतं मला. म्हणून तर मोठा फ्लॅट सोडून हा धरला. बाल्कनीत दुपारपर्यंत उजेड असतो. तुझं विड्यांचं सूप मांडीवर घेऊन तासभर बसून बघितलं मी."

"माझं सूप न्हेलंस तितं?"

"तंबाखूसकट. वासानं शेजारच्या काकू बाहेर आल्या."

"बघ! काय म्हणल्या?"

"म्हणल्या, आमच्या सासूबाईपण वळायच्या. आईला कधी आणतीस?"

आतून संघप्रियाचं नाव पुकारलं गेलं. आई पदर सावरत उठली.

"बाल्कनीत तोंड कुटं करून बसली हुतीस?"

"रस्त्याकडं."

"येडी! उजेड डाव्या अंगानं पायजे. चल, सही करू. मग तितं जाऊन दावते तुला."