धुक्यात वाजलेला बँड

मंडळी, एक सांगा! देवावर भरवसा आहे म्हणून गाडीचा ब्रेक तपासायचा नाही—ही भक्ती की आळस? लगेच उत्तर देऊ नका. आधी ऐका!

कराडकडचे शिदूमास्तर, बँडपथकाचे मालक. माघात चिपळूणच्या लग्नाची सुपारी. दहाला नवरदेवाची मिरवणूक! टेम्पोचे चालक बाबालाल मुलाणी आदल्या दिवशी दुपारभर गाडीखाली. ब्रेक बघितला, चाकांची हवा बघितली, दिवे पुसले. म्हणाले, "मास्तर, सकाळी सहाला निघायचं. घाटात धुकं असतंय. एक तास हाताशी ठेवू. आणि टपावर कुणी बसायचं न्हाय!"

मास्तर उसळले, "साडेसातला निघू! देव बसलाय की सांभाळायला!"

"देव सांभाळतोय हो मास्तर—पर ब्रेक मलाच दाबायचाय!"

हसताय? मास्तर नाही हसले! पण चावी बाबालालच्या खिशात. निघाले सहाला! मास्तर पुढच्या सीटवर, गाल फुगवून. ट्रम्पेट नसतानाही!

कुंभार्ली घाट उतरायला लागले आणि धुकं असं, की आपलाच हात आपल्याला दिसेना. बाबालाल दुसऱ्या गिअरमध्ये, मुंगीच्या चालीनं. मास्तर कुरकुरले, "अरे, बैलगाडीसुद्धा पुढं जाईल!"

तेवढ्यात वळणावर—ट्रक! आडवा! बंद पडलेला! बाबालालनी ब्रेक दाबला... टेम्पो थांबला. मधे अंतर किती? चार बोटं!

बाबालालनी मागचे दिवे लुकलुकते ठेवले, चाकांना दगड लावले आणि ओरडले, "उतरा सगळी! मागनं येणाऱ्याला दिसायचं न्हाय. पर ऐकू तर जाईल! वाद्यं घ्या!"

वरच्या वळणाशी, रस्ता सोडून, डोंगराच्या अंगाला बँड उभा राहिला. आणि काय वाजवलंय, महाराजा! ढोल घुमतोय, ट्रम्पेट किंचाळतंय, मास्तरांचे गाल आता खरोखर फुगलेत! दरीतली माकडंसुद्धा गप्प!

वरून एक बस आली. ड्रायव्हरच्या कानावर वाजंत्री—भर घाटात? त्यानं वेग कमी केला, हळूच पुढं आला, थांबला. दार उघडलं. खाली कोण उतरलं असेल?

आपल्याच लग्नाचा नवरदेव! मुंडावळ्यांसकट! आणि मागं चाळीस वऱ्हाडी!

नवरदेवाची आई म्हणाली, "अगं बाई! मिरवणूक इथूनच का?" धुक्यात वऱ्हाड नाचलं हो! वऱ्हाड्यांनी ढकलून ट्रक कडेला लावला. पाऊण तास गेला, पण तास हाताशी होता ना! दहाला पाच कमी असताना बँड मांडवासमोर!

लग्न लागलं, पंगत उठली. मास्तर हळूच बाबालालजवळ आले. "परतीला कधी निघायचं?"

"तासभर पडतो, मग. झोपाळल्या डोळ्यानं घाट चढायचा न्हाय."

"पड बाबा! मी वारा घालतो!"

तर मंडळी, मघाचं उत्तर मिळालं? देवानं डोळे दिले, हात दिले, आदला दिवस दिला—ते वापरणं हीच भक्ती! उद्या कामाला निघालेला प्रत्येक जण कुणाच्या तरी घरचा नवरदेव आहे!

आता हात वर करा—आज इथं येताना ब्रेक कुणी तपासला? ...दोन? दोनच! आणि माना खाली घातलेले दोनशे!

हरकत नाही! आधी जोरात देवाचं नाव घ्या. मग प्रसाद. आणि मग गाडीपाशी चला—मी कंदील धरतो, तुम्ही चाकं बघा!